अर्धा कप, दिवसातून पाच वेळा

"अंजना, कॉपी पिऊन कुणी जागं ऱ्हात न्हाय बघ. माझी सासू झोपायच्या आदी कपभर प्यायची आणि सकाळपतूर कूस बदलायची न्हाय!"

शेजारच्या ताजबीनं मला हे घरामागच्या परड्याच्या भिंतीवरून सांगितलं होतं. मी हसले. नुसती हसले नाही, तिला भिंतीवरूनच रसायनशास्त्र समजावून दिलं! बी.एस्सी. झालेल्या बाईला शेजारणीच्या सासूचे दाखले कशाला?

मला नोकरी हवी होती. लग्नाआधीपासून हवी होती, लग्नानंतर जास्त हवी होती आणि बाळ झाल्यावर तर ती मिळाली नाही तर मी घरातल्या डब्यांशी बोलायला लागेन अशी वेळ आली होती! कन्याशाळेत विज्ञानाची जागा रिकामी होती. का, तर आधीच्या बाई सहावीच्या वर्गात फळ्याला टेकून, हातात खडू धरून, उभ्या उभ्या झोपल्या. घरी दहा महिन्यांचं मूल. तेव्हापासून शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, यांनी ठरवलं होतं की लहान मुलाची आई नको म्हणजे नको.

शाळेचे चेअरमन बापूसो माझ्या सासऱ्यांचे मावसभाऊ. त्यांनी गळ घातली तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "ठीक आहे. पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी तीन वाजता मी घरी येते. तीनला जी बाई टवटवीत दिसते ती दिवसभर टिकते!"

तीन! नेमके तीन! तीन वाजता माझे डोळे उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखे व्हायचे. चिरंजीव चौदा महिन्यांचे. जमिनीवर जे दिसेल ते त्यांच्या तोंडात. मी दिवसभर मागे, आणि ते झोपले की मी नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघणार. त्यांच्या पायात घुंगरू बांधले होते, तरी माझा जीव थाऱ्यावर नसे.

पण मी काय हार मानणारी? ग्राफपेपर काढला! लोक सकाळी कॉफीचा मोठा कप ढोसतात आणि अकराला गळतात. मी अर्धा अर्धा कप घेणार. सहा, नऊ, बारा, तीन आणि पाच. आमच्या जैनांच्या घरात दिवस मावळल्यावर काही खाणंपिणं नाही, म्हणून पाचला शेवटचा. उत्साहाची रेघ कशी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरळ! मी ती लाल पेन्सिलीनं काढली आणि कागद स्वयंपाकघरात चिकटवला.

"हे काय, बसचा मार्ग हाय व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

माझ्या सासूबाई, रत्नाबाई, वाईट नाहीत. फक्त स्पष्ट आहेत. पण सगळ्यांनी हातभार लावला. सकाळचा कप ह्यांनी करायचा, बाराचा सासूबाईंनी. तीनला बाळाला झोपवायच्या गडबडीत मी असे, तेव्हा ताजबी येऊन करून द्यायची. बाकीचे मी.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी जांभया. चौथ्या दिवशी तूरडाळ निवडता निवडता मी ताटात कपाळ टेकलं. उठले तेव्हा कपाळाला डाळीचे चार दाणे!

"प्रमाण कमी पडतंय," मी शास्त्रीय निष्कर्ष काढला. अर्ध्याचा पाऊण केला, पाऊणचा अख्खा. "आज कडक केलीय हं," हे म्हणायचे. "चांगली उकळून केलीया," सासूबाई म्हणायच्या. आणि मी? खऱ्या उत्साहाची रेघ मी निळ्या पेन्सिलीनं रोज काढत होते. ती खाली खाली जात कागदाबाहेर गेली. शेवटचे तीन दिवस मी ती भिंतीवर काढली!

"सोड ती कॉपी," सासूबाई म्हणाल्या.

"मरेन, पण सोडणार नाही!" मी जांभई देत म्हणाले.

शनिवार उजाडला. तीनच्या ठोक्याला बापूसो आणि मोठ्या बाई हजर. मी गालाचं मांस आतून दातांत धरून बसले होते. पितळेचं पातेलं भरून कॉफी केली. घरातल्या प्रत्येकानं जाता येता त्यात लक्ष घातलं. हे तर बाहेर पडता पडता स्वयंपाकघरात डोकावून गेले.

"वा! वास काय सुरेख," मोठ्या बाई म्हणाल्या आणि तीन कप प्यायल्या. बापूसोंनी बशीत ओतून चार. सासूबाईंनी आणि मी पाहुण्यांना सोबत म्हणून दोन दोन.

"दुपारी झोप येते का?" मोठ्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"मुळीच नाही!"

"मूल आजारी पडलं, तर..." एवढं बोलून मोठ्या बाई थांबल्या. विचार करत असतील म्हणून मीही थांबले. बापूसोंची टोपी हळूहळू नाकावर आली. सासूबाई भिंतीला टेकल्या. चिरंजीव मध्ये बसून चमचा वाजवत होते. एवढंच मला आठवतं.

"अंजना! ए अंजना!"

डोळे उघडले तर दारात ताजबी, आणि तिच्या काखेत माझं बाळ!

"ह्यो माझ्या दारात उभा व्हता की! एकटाच, खुळखुळत आला. आणि हितं काय, धर्मशाळा हाय?"

मी बाळाला ओढून घेतलं, बोटं मोजली, दात मोजले. खोलीत बापूसो घोरत होते, मोठ्या बाईंची मान छातीवर, सासूबाई आडव्या. घड्याळात पावणेपाच!

ताजबीनं पातेलं हुंगलं. "जायफळ किती घातलंयसा ह्यात?"

सासूबाई उठून बसल्या. "कॉपीचा डबा फोडला तवाच एक अख्खं किसून मिसळलंय. कॉपी उष्ण असती. आज वरनं वाईच घातलं, पावणं आलेत म्हणून."

"आणि हेही सकाळी वासापुरतं किसतात," मी म्हणाले. "मघाशीही किसून गेले."

"मीबी घालत व्हते की, रोज तीनला," ताजबी म्हणाली. "अगं, माझी सासू कॉपीनं न्हाय, जायफळानंच झोपायची!"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. हो, मीही घालत होते! कॉफीत जायफळ नाही घालायचं तर काय हिंग घालायचा? बाळाला झोपवायला जायफळ उगाळून देतात हे मलाही माहीत होतं. पण ते बाळाला! आणि कुणी काहीही म्हणा, कॉफीचा यात काडीचा दोष नाही. चार हातांनी किसलेल्या जायफळाशी ती बिचारी पंधरा दिवस एकटी झुंजत होती!

इतक्यात मोठ्या बाई खडबडून जाग्या झाल्या. "मी डोळे मिटून विचार करत होते," त्या घाईनं म्हणाल्या.

"व्हय की," सासूबाई म्हणाल्या, "आणि बापूसो मोठ्यानं विचार करत व्हते."

मोठ्या बाई लालबुंद झाल्या. मग माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं, अगदी डोळ्याला डोळा! त्यांनी मुकाट्यानं पर्समधून नेमणुकीचं पत्र काढलं, माझं नाव घातलं, सही ठोकली. "झोपेचं शाळेत बोलायचं नाही. सोमवारी शिक्का मारून पाठवते." पत्र परत पर्समध्ये घातलं आणि लगबगीनं गगनबावड्याच्या गाडीला गेल्या. वाटेत कळे गावी त्यांची बहीण राहते, रविवार तिच्याकडे काढायचा होता. बापूसोंना मात्र आम्ही सातला टांग्यात घालून पाठवलं.

पण सोमवारी पत्र आलं नाही. मंगळवारी मी शाळेत गेले, तर "मोठ्या बाई आल्या नाहीत." बहिणीचा निरोप आला, "आमच्याकडेही आल्या नाहीत." तीन कप! आणि गाडीच्या खिडकीचा गार वारा!

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणी गगनबावड्याकडे असेल तर कृपा करून शेवटच्या थांब्यावर एकदा बघून या. जांभळं लुगडं, सोनेरी काडीचा चष्मा, पर्स पोटाशी घट्ट धरलेली. सापडल्या तर हळूच हलवा, बऱ्या आहेत ना विचारा. आणि शुद्धीवर आल्या की अगदी नम्रपणे सांगा, बाई, शिक्का सोमवारी मारायचा होता, आज गुरुवार आहे.