पारासाहेबांची नेमणूक

मुलांनो, मांडी घालून बसा. चुळबुळ नको.

वाघशके एकशे बारा. पौष महिना, वद्य पंचमी. त्या सकाळी एका जंगलात असा गारठा पडला, की माकडांनी दोन्ही हात काखेत घातले आणि ती झाडावरून खाली पडली.

त्या जंगलाच्या राजवाड्यात ठकूबाई नावाची साळिंदर कामाला होती. युवराजांचा सरडा सांभाळायचा, हे तिचं काम. युवराज म्हणजे वाघाचा बच्चा. सरड्याचं नाव पोपट्या. तो काचेच्या पेटीत राहत असे. पेटी कुठून आली? माणसं जंगलात सहलीला येतात, जेवतात, सामान टाकून जातात. तशी आली.

ठकूबाईच्या अंगाला कोणी हात लावत नसे. काट्यांची भीती. पोपट्या मात्र काट्यांमधून वाट काढत जाई आणि तिच्या मानेवर बसे. बाईला ते आवडे. तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

तिच्याआधी राखणदार एक ससा होता. त्याच्या हातून युवराजांची खार मेली. आता तो ससाही नाही. कसा नाही, ते विचारू नका.

त्या सकाळी पोपट्या पेटीच्या कोपऱ्यात काळवंडून पडला होता. ठकूबाईने बोट लावलं. तो हलला नाही. पुन्हा लावलं, तेव्हा एक पाय हलला.

युवराज आले. "ठकूमावशी, हा खेळत का नाही?"

"थंडी बाधली, युवराज. ऊब द्यायला हवी."

"मग दे ना. हा मेला तर बाबा तुला खाणार आहेत. काटे सोलायला माकडं सांगून ठेवलीत."

"बरं, युवराज."

ऊब द्यायची म्हणजे ऊब खात्याला कळवायला हवं. खात्याचे प्रमुख अस्वलसाहेब. साहेब आले. मागून दोन रानडुकरं पेटती शेगडी घेऊन आली. शेगडी पेटीखाली सरकवली. पेटीचा तळ या टोकापासून त्या टोकापर्यंत तापला. वरून घोंगडी टाकली. फट राहिली नाही.

आता एक सांगतो, लक्ष द्या. त्या राज्यात जुनी रीत होती. काहीही मोजायचं असेल, तर हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अंगाने मोजायचं. नदी किती खोल? हत्तीच्या गुडघ्याएवढी. त्या मापाने दोन भेकरं बुडाली होती. पण माप चुकलं, असं कोणी म्हटलं नव्हतं.

पेटीची ऊब अस्वलसाहेबांच्या पोटाने मोजायची होती. त्या पोटावर वीतभर केस. साहेबांनी पोट काचेला टेकवलं. डोळे मिटले.

"गारच आहे. निखारे वाढवा."

पोपट्या आधी तरतरीत झाला. मग धावू लागला. मग काचेवर चढून तोंड उघडून धापा टाकू लागला. काचेला खालून केसाएवढा तडा गेला.

"साहेब, त्याला सोसत नाही," ठकूबाई म्हणाली. "सरड्याला घाम येत नाही. उकडलं की तो गार जागी जातो. सगळीच पेटी तापवली, तर त्याने जायचं कुठे?"

"बाई, पोट कोणाचं मोठं? सरड्याचं की माझं?"

"आपलंच, साहेब."

"मग माझ्या पोटाला जे कळत नाही, ते त्याला कळतं?"

साहेब गेले तसे बाईने चार निखारे शेपटीने ओढून काढले. घोंगडीचं टोक उचलून ठेवलं. आणि नदीची वाट धरली.

नदीवर मगरआत्या राहत असे. अंडी उबवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. अंड्यांची वाळू किती तापली, हे पाहायला तिच्याकडे काचेची एक नळी होती. आत पारा. तीही सहलीवाल्यांचीच.

"आत्या, पारा उसना दे."

"देते. पण फाल्गुनात माझी अंडी वाळूत जातात. तेव्हा परत पाहिजे."

"आणीन."

"नाही आणलास तर मी न्यायला येईन, ठके. माझं चालणं हळू आहे, पण मी पोचते."

ठकूबाई पारा घेऊन परतली. अस्वलसाहेब परत आले होते आणि निखारे पुन्हा वाढवलेले होते. तिने पारा झाकणातून पेटीत सोडला. तो बेचाळीसवर गेला. पोपट्याची मान लटकू लागली होती.

"साहेब, पारा बेचाळीस म्हणतो."

अस्वलसाहेबांनी वाकून पाहिलं. "याचा हुद्दा काय?"

"हुद्दा नाही, साहेब."

"हुद्दा नाही आणि परस्पर बेचाळीस म्हणतो? माझं पोट अजून काही म्हणालेलं नाही!"

ठकूबाईने हात जोडले. वाद घातला नाही. ती तडक बगळोपंतांकडे धावली. बगळोपंत नेमणुकांचे कारकून. ते नदीत एका पायावर उभे राहून कचेरी चालवत. मासेही मिळत आणि कामही होई.

"पंत, एक नेमणूक हवी. आत्ता. अस्वलसाहेबांच्या वरची."

"उमेदवार कोण?"

"पारा."

"अनुभव?"

"नऊ वर्षं अंड्यांवर नजर ठेवली. एकही नासलं नाही."

"स्वभाव?"

"गप्प असतो. विचारलं तेवढंच सांगतो."

"म्हणजे नोकरीत टिकणार नाही. शिफारस कोणाची?"

"मगरआत्याची."

बगळोपंतांनी पाण्याकडे पाहिलं. मग पाण्यातल्या आपल्या पायाकडे पाहिलं. उभ्या उभ्या हुकूम लिहिला, शिक्का मारला आणि दुसऱ्या पायावर उभे राहिले.

ठकूबाईने हुकूम आणून अस्वलसाहेबांपुढे धरला. साहेबांनी तो वाचला. सुलटा वाचला, उलटा वाचला. मग पेटीपुढे कमरेत वाकले.

"पारासाहेब काय म्हणतात?"

"बेचाळीस म्हणतात."

"मग माझं पोट मघापासून वेगळं काय सांगत होतं? ए डुकरांनो, शेगडी काढा! ही खाली घातली कोणी?"

शेगडी निघाली. ठकूबाईने घोंगडी ओढून टाकली आणि पेटी सावलीत सरकवली. पोपट्या हळूहळू तोंड मिटू लागला. मग बाईने आपल्या रीतीने मांडणी केली. पेटी वाऱ्याच्या तोंडातून हलवली. एक चपटा दगड उन्हात तापवला, फडक्यात गुंडाळला, आणि पेटीबाहेर एकाच कडेला टेकवला. दुसरी कड गार ठेवली. मध्ये वाळकी फांदी, जवळ पाण्याची वाटी. झाकणाला भोकं. पारा ऊबदार कडेला टांगला. तो बत्तीसवर असेल तर ठीक. वर गेला की दगड लांब. खाली आला की दुसरा दगड.

दगड बदलायच्या प्रत्येक वेळी अस्वलसाहेब विचारत, "पारासाहेबांचा हुकूम झाला का?" झाला म्हटलं की स्वतः दगड उचलून आणत. माणूस वाईट नव्हता. म्हणजे अस्वल.

पोपट्या दिवसा फांदीवर बसू लागला. उकडलं की इकडे, गारठलं की तिकडे. आपलं आपण ठरवू लागला. माघ उजाडला तेव्हा तो पुन्हा हिरवा झाला होता. युवराजांनी त्याला एकदा पाहिलं, "जगला वाटतं," म्हणाले, आणि मासा पाळायला मागितला. ठकूबाईला कोणी खाल्लं नाही.

दरबार भरला. सरडा वाचवल्याबद्दल अस्वलसाहेबांना पदक मिळालं. ते पोटावर लावलं. केसांत दिसेनासं झालं.

फाल्गुन आला. ठकूबाई पारा काढायला गेली, तर डुकरांनी अडवलं. अधिकारी असा कोणी घेऊन जातं का? तेव्हा बाई पुन्हा बगळोपंतांकडे गेली, आणि मगरआत्या स्वतः न्यायला येणार आहे, एवढंच म्हणाली. पंतांनी पारासाहेबांना त्याच दिवशी सेवानिवृत्त केलं. निरोपाचा समारंभ झाला. शाल, नारळ. अस्वलसाहेब बोलायला उभे राहिले आणि रडले. म्हणाले, "असे वरिष्ठ पुन्हा मिळणार नाहीत. कधी उलट बोलले नाहीत."

ठकूबाई शालीत गुंडाळलेला पारा घेऊन नदीवर गेली. मगरआत्याने शाल सोडली. पारा उन्हात धरून पाहिला. कुठे टवका नव्हता. तिने तो वाळूत खोचला.

ठकूबाईने शालीची घडी घातली आणि ती घरी आली.

तात्पर्य : खरं सांगणारा शोधत हिंडू नका. तो मिळतोच. त्याच्यासाठी आधी खुर्ची मिळवा. आणि तुमचं पोट पुरेसं मोठं असेल, तर काहीच करू नका. पदक घरपोच येतं.