चिडलेली बाई: कागदावर कोळसा

सफरचंदं सोडून माणूस काढायचं मी ठरवलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

निवृत्त झाल्यापासून मी ट्रुडीच्या चित्रकलेच्या वर्गाला जातो. वर्ग लायब्ररीच्या तळघरात भरतो, आणि दर वसंतात त्यातली निवडक चित्रं वर लायब्ररीच्या भिंतीवर लागतात. माझं एकही कधी लागलं नव्हतं. ऑर्व्हिलचं लागलं होतं. ऑर्व्हिल हा निवृत्त दंतवैद्य, तो बदकं काढतो. त्याच्या बदकांना दात असावेत असं वाटतं, तरी लागलं. मी जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. दुसऱ्यांच्या चुका सोडून काही काढायचा हाताला सराव नाही, हे मला मान्य आहे, पण बदकं?

मी ट्रुडीला कारण विचारलं.

"लायल, तुमची सफरचंदं फार शिकलेली वाटतात," ती म्हणाली. "खावीशी वाटत नाहीत. तुम्हाला सफरचंद कसं असतं ते माहीत आहे, तेच तुम्ही काढता. माहीत आहे ते काढू नका. समोर दिसतंय ते काढा."

माझ्या नातीच्या वयाची मुलगी, नाकात बाळी घालते, आणि मला ज्ञान आणि दर्शन यांतला फरक सांगते. यावर मी एक सबंध ग्रंथ लिहिला आहे. (तो कुणी वाचला नाही. ट्रुडीचं मत त्यात सहाव्या प्रकरणात खोडून काढलंय.) मी आठवडाभर धुमसत होतो. मग वाटलं, ती बरोबर असली तर? मला नेहमी असं वाटतं, म्हणून माझा राग कधी धड टिकत नाही.

तेव्हा समोर दिसेल ते काढायचं ठरवलं. समोर अर्डिस होती. माझी बायको.

ती ओव्हनमध्ये लेमन बार, म्हणजे लिंबाच्या भाजलेल्या वड्या, ठेवून खुर्चीत टेकली होती. आमच्या गावात कुणी गेलं की चर्चच्या तळघरात जेवण असतं, आणि कुठल्या बाईनं काय आणायचं ते ठरलेलं असतं. लेमन बार अर्डिसचे. मरणाऱ्यालासुद्धा ती खात्री असते.

"अशीच बस," मी म्हणालो. "हलू नकोस."

"लायल, मला अकराला निघायचंय."

"पाचच मिनिटं. हनुवटी खाली."

कधी नव्हे ते जमत होतं. कोळसा कागदावर आपोआप चालत होता. भुवया आल्या. नाक आलं.

"लायल, मला वाटतं, बार झाले."

"तोंड मिट. ओठ काढतोय."

तिनं ओठ मिटले. अगदी घट्ट मिटले. मला हवा होता तसाच आकार मिळाला. जळका वास मलाही आला होता, ते नाकारत नाही, पण डावी नाकपुडी इतकी छान उतरत होती की वासाचा विचार मी नंतर करायचं ठरवलं.

ओव्हन उघडला तेव्हा आत छताला लावायची कौलं होती.

इथं एक सांगायला हवं. आमच्या मिनेसोटात राग आला की माणसं ओरडत नाहीत. जास्त नम्र होतात. अर्डिस त्या कौलांकडे बघून म्हणाली, "काही हरकत नाही." मग ती दुकानातली बिस्किटं घेऊन मयताच्या जेवणाला गेली. दुकानातली. डब्यावर किमतीची चिठ्ठी तशीच. त्यानंतर ती घरात इतकं गोड बोलायला लागली की मला झोप लागेना. "आणखी बटाटे घेशील का, लायल?" ती विचारायची, आणि मी मृत्युपत्र कुठं ठेवलंय ते आठवायला लागायचो.

पुढच्या गुरुवारी वर्गात चित्रांवर चर्चा होती. त्यातूनच भिंतीसाठी निवड होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मी गाडी चालवत नाही, तेव्हा अर्डिसच मला सोडते आणि विणकाम घेऊन गाडीत बसते. त्या दिवशी सरोवरावरून असा वारा सुटला होता की गाडीत बसणं शक्य नव्हतं. ती आत आली, मागच्या खुर्चीवर बसली, आणि माझं चित्र समोर लागलं.

या चर्चेचा एक नियम आहे. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत चित्रकारानं तोंड उघडायचं नाही. खुलासा नाही, सबब नाही, काही नाही. असला नियम प्राध्यापक सोडून दुसऱ्या कुठल्याही माणसाला सोसेल.

"ही बाई भयंकर चिडलीय," ऑर्व्हिलनं सुरुवात केली. "जबडा बघा. अशा पेशंटच्या दाढा झिजलेल्या असतात."

मी तोंड उघडलं. ट्रुडीनं बोट वर केलं.

"ही आजची चिडलेली नाही," डेलोरिस म्हणाली. डेलोरिसचे दोन घटस्फोट झालेत आणि तिला प्रत्येक चित्रात तिसरा दिसतो, बदकांतसुद्धा. "वर्षानुवर्षं हिचं कुणी ऐकलेलं नाही. घरात एक माणूस सारखा बोलत असणार."

"ओव्हन—" मी म्हणालो.

"लायल," ट्रुडी म्हणाली. "नियम."

मागून विणकामाच्या सुया थांबल्याचं मला ऐकू आलं. "माफ करा हं," अर्डिस अगदी नम्रपणे म्हणाली. "मी वर्गातली नाही. पण तो माणूस काय बोलत असेल, असं तुम्हाला वाटतं?"

"काहीही," डेलोरिस म्हणाली. "महत्त्वाचं असं नाही."

"खरंय," अर्डिस म्हणाली. "आणि तिनं काय करावं?"

"निघून जावं."

"पण बिस्किटं घेऊन?"

हे कुणाला कळलं नाही. मला कळलं. ज्या बायकोला चार माणसांत कुणी भुवई उंचावतानासुद्धा पाहिलेलं नाही, तिचा राग मी कोळशानं काढून समोर टांगला होता. तिला कुणी ओळखलं तर मी तिची बेअब्रू केली. नाही ओळखलं तर मला चित्र येत नाही. या पेचातून सुटायला तर्कशास्त्राचा उपयोग होत नाही, मी प्रयत्न केला.

"लायल," ट्रुडी म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता. "हे भिंतीवर लागणार. सगळ्यांच्या मधोमध. फक्त जिचं चित्र आहे, तिची परवानगी हवी. आता बोला."

मला बोलायला मिळालं, आणि एक शब्द सुचेना.

"ती परवानगी माझी लागेल," अर्डिस उठून म्हणाली. डेलोरिस आपल्या बुटांकडे बघायला लागली.

ती मला घरी घेऊन आली. अंगणात गाडी थांबवून अर्डिस म्हणाली, "मी रागावले नव्हते."

"नाही."

"मी तशी कधी बघत नाही."

"कधीच नाही."

"तुला भिंतीवर लागायला हवंय ना ते?"

मला लाज वाटली, पण हवं होतं. मेल्यावर मिळणाऱ्या जेवणापेक्षा जास्त हवं होतं. मी मान हलवली.

"मग लाव की," ती गोड हसली. "फक्त खाली माझं नाव नको. स्वतःचं चित्र म्हणून लाव. केस दोघांचेही आखूड आणि पांढरे, चष्मे दोघांनाही. वर्गातले बोलायचे नाहीत, बाकी कोण ओळखतंय?"

कुणीच ओळखणार नाही, हा तर्क मला पटला. खाली लिहिलं, 'चित्रकाराचं स्वतःचं चित्र'.

उद्घाटनाला सगळं गाव आलं होतं. अर्डिसनं बार केले होते, ट्रे हातोहात संपला. ती भिंतीजवळ निळा स्वेटर घालून उभी होती, आणि तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळे चित्रासमोर थांबत, मग माझ्याकडे वळून म्हणत, "वा लायल, हुबेहूब."

पहिल्यांदा मी हसलो. मग शेजारी म्हणाला, "बर्फ काढायचं यंत्र परत मागायला आलो की असाच दिसतोस." मग माझी एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तोंडी परीक्षा आठवली." माझ्या सख्ख्या बहिणीनं चष्मा पुसून परत बघितलं आणि म्हणाली, "थेट तू. लहानपणापासून."

"हा मी नाही," मी म्हणायला लागलो. आधी हळू, मग जोरात. मी असा बघत नाही, कुठल्या कोनातून बघत नाही, हे मी एकेकाला पकडून मुद्देसूद सांगत होतो, आणि प्रत्येक जण चित्राकडे बघून, माझ्याकडे बघून, समजूतदारपणे मान डोलवत होता. अर्डिस म्हणाली, "लायल, सगळे बघताहेत."

तेवढ्यात आमचे पाद्रीबुवा आले. ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, हा देवाचा माणूस, हा तरी खरं ओळखेल.

"लायल," ते म्हणाले, "हे आम्हाला चर्चला द्या. प्रवचन लांबलं की मला कळत नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"पहिल्या रांगेत तुमची जागा आहे ना, तिथंच लावू. दर रविवारी तिथं मला हेच तोंड दिसतं, पण मध्येच तुमचा डोळा लागतो, आणि मग मला थांबवणारं कुणी राहत नाही."