पस्तीस मिनिटांचं विमान

सिमिकोट ते नेपालगंज हवेतून दोनशे किलोमीटर, पन्नास मिनिटं. यात इकडचं तिकडे झालं तर मिशी उतरवीन, असं जयबहादुर बुढा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. बावीस वर्षं तो सिमिकोटच्या धावपट्टीवर भोंगा वाजवत होता. भोंगा झाला की माणसं आणि खेचरं बाजूला होत, मग विमान सुटे.

त्या सकाळी ठीक आठच्या विमानात त्याची बायको दिलमाया जन्मात पहिल्यांदा चढली. लेक मनरूपा नेपालगंजला मामाकडे राहून शिकत होती. तिचा साखरपुडा होता, आणि भोंग्याला रजा नव्हती. विमान दरीवर गेलं, ढगात शिरलं. आवाज मात्र गेला नाही. विमान दिसेनासं झाल्यावरही कितीतरी वेळ तो खाली दरीतच घुमत राहिला. जयबहादुरच्या अंगावर काटा आला. मग ढग गावावरच येऊन बसला आणि फोनही बंद पडले.

फोन लागला तेव्हा दुपार झाली होती. पलीकडे मेव्हणा खड्ग होता. त्याचं सीमेपलीकडे, भारतात, कापडाचं दुकान. रोज जाऊन येऊन करायचा.

"ताई पोचली, दाजी. मी घड्याळ बघतच उभा होतो. आठ पस्तीसला विमान टेकलं."

जयबहादुरने बोटं मोजली. पस्तीस मिनिटांत नेपालगंज? बावीस वर्षांत असं घडलं नव्हतं. मग आठ पस्तीसला उतरलं ते काय? आणि त्यातून आलं ते कोण?

"ती बोलते का रे?"

"एक शब्द नाही. काही खातही नाही. हात तर गारठलेत नुसते."

"खड्ग, तिचे पाय बघ. टाचा कुठल्या बाजूला आहेत ते बघ."

खड्गने कानाला फोन तसाच ठेवून भर मांडवात बहिणीच्या साडीचा काठ उचलला. मुलाच्या आजीने विचारलं, हे काय चाललंय? खड्गला खोटं बोलता येत नाही, एवढाच त्याचा दोष; आठ पस्तीस, उलट्या टाचा, सगळं त्याने सांगून टाकलं. क्षणात मांडव ओस पडला. मधोमध एकटी दिलमाया, आणि दारातून तिच्यावर मोहरी फेकणारी आजी. असल्या बाईच्या पोटची सून मला नको, अंगठी परत ठेवा, असं आजीने बजावलं. मनरूपा हमसून रडायला लागली. फोनमधून जयबहादुरला लेकीचं रडणं ऐकू येत होतं, आणि आपणच तिचा संसार मोडला हेही कळत होतं.

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी गरजलं.

"ओकारी येईल म्हणून तोंड मिटून बसले, लेकीसाठी उपास धरला, आणि मला मोहरी मारता?"

हा आवाज भुताचा नव्हता. भुताला इतकं कोण घाबरतं!

आठ पस्तीसला कसं टेकेल, म्हणत मुलाच्या वडिलांनी खड्गचं मनगट धरून घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं मागे! दुकान भारतात, म्हणून घड्याळही भारताच्या वेळेवर. नेपाळची वेळ पंधरा मिनिटं पुढे, पण घरी येताना रोज काटे कोण फिरवणार? विमानाला पन्नासच मिनिटं लागली होती. आजी खजील झाली आणि तिने स्वतःच्या हाताने मनरूपाच्या बोटात अंगठी घातली.

तिसऱ्या दिवशी परतीचं विमान बरोबर पन्नासाव्या मिनिटाला टेकलं. दिलमाया उतरली. जयबहादुरची नजर आपसूक तिच्या पायांकडे गेली. पाय अगदी सरळ होते, आणि भराभर त्याच्याच दिशेने येत होते.

उलटे असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.