म्हात्रे काका आणि साचलेलं पाणी

म्हात्रे काका आमच्या घरात आले की आधी माणसांकडे बघत नाहीत, पाण्याच्या पिंपाकडे बघतात. झाकण उचलायचं, टॉर्च मारायचा, "अळी नाही" असं जाहीर करायचं आणि मगच आईच्या हातचा चहा घ्यायचा. पालिकेच्या मलेरिया खात्यातून ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, हे आमच्या मोहने गावात सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

तपासलेल्या घराच्या दाराशेजारी ते अजून खडूने तारीख लिहितात. कुलूप असेल तर 'बंद'. बंद घरी पुन्हा फेरी मारल्याशिवाय काम संपत नाही, हा त्यांच्या खात्याचा नियम. त्यांचा मुलगा ठाण्याला, घोडबंदर रोडवर बाविसाव्या मजल्यावर राहतो. "तिथं डास पोचत नाही," काका म्हणतात, "मग मी कशाला जाऊ?"

सार्वजनिक आरोग्यात एम.पी.एच. करायला अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांनी मला प्रवेश दिला, तेव्हा घरात सल्ला देणारं कोणी नव्हतं. बाबा दहावी, आई सातवी. पदवीपर्यंत पोचलेली मीच पहिली. "सार्वजनिक आरोग्य म्हणजे आमचंच खातं की!" म्हणत काकांनी दोन्ही पत्रं ताब्यात घेतली.

एक विद्यापीठ नावाजलेलं, थंड शहरातलं. दुसरं दक्षिणेकडे, दलदलीजवळच्या एका लहान गावात. त्याचं नाव सांगितलं की मैत्रिणी "कुठलं?" विचारायच्या. मला अर्थात पहिलं हवं होतं.

"तिथं डास आहेत?"

"नाही काका. बर्फ असतो."

"मग शिकणार काय? शेकोटी पेटवायला?"

मी त्या बर्फातल्या विद्यापीठाच्या पत्रातला शिष्यवृत्तीचा भाग पुढे केला. काका शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचू लागले. "पाणी कुठं साचतंय ते बघायचं," हे त्यांचं लाडकं वाक्य. दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

"हे बघ साचलं. दुसऱ्या वर्षी 'मे बी रिन्यूड'. आमच्या परिपत्रकात 'शक्य झाल्यास' असायचं. अख्ख्या नोकरीत एकदाही शक्य झालं नाही. विचार त्यांना."

मी भीत भीत मेल केला. उत्तर फार नम्र होतं: दुसऱ्या वर्षाची हमी देता येत नाही. घर तारण ठेवायला निघालेले बाबा पुन्हा खुर्चीत बसले.

दलदलीच्या पत्रात मात्र दोन्ही वर्षांची फी माफ होती, शिवाय डासांवर संशोधन करणाऱ्या एका बाईंच्या हाताखाली पगारी काम. काका उठून उभेच राहिले.

"डासांचं काम, आणि वर मान! अगं पोरी, आम्हाला तर लोक दारातूनच हाकलायचे."

मी दोन दिवस रुसून बसले. तिसऱ्या दिवशी दलदलीला होकार कळवला.

निघायच्या सकाळी काका आले, ते पिंपाकडे गेलेच नाहीत. दारातच थांबले. खिशातून खडू काढून त्यांनी भिंतीवर तारीख लिहिली आणि तिच्यापुढे 'बंद'.

"अहो भाऊजी, बंद कुठं?" आई हसली. "आम्ही दोघं आहोत की घरात."

काका बराच वेळ बोटांवरचा खडू पुसत राहिले.

"राहू द्या वहिनी," ते म्हणाले. "बंद लिहिलं की एक फेरी शिल्लक राहते."