उकंडजींचा अडलेला शब्द

इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगायला लागलो की उकंडजी दलाल दोन्ही हातांनी मला थांबवत. "मतलब राहू द्या, पंत. नमुना दाखवा!"

अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली, त्या वर्षांतली ही गोष्ट. कापूस खरेदी करणाऱ्या एका गोऱ्या साहेबाचा दुभाषा म्हणून मी पुण्याहून अकोल्यास आलो होतो. चार बुके शिकल्याची घमेंड होती, आणि तिकडची बोली ऐकून पहिले आठ दिवस मला वाटे, सगळे माझ्याशी भांडतच आहेत.

उकंडजी आमच्या वखारीचे दलाल. कापसाचा सौदा तोंडाने करायची रीत नाही. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरतात, दाबतात, सोडतात. शेजारच्याला काही कळत नाही. "दिवसभर बोटांनी बोलतो पंत, जीभ रिकामीच राहते," असे म्हणून उकंडजींनी त्या रिकाम्या जिभेला इंग्रजी शब्दांचा नाद लावला होता. साहेबाच्या तोंडून एखादा झोकदार शब्द निसटला की उकंडजी तो उचलत. मात्र एका शब्दाला तीन नमुने हवेत, तेही तीन वेगळ्या ठिकाणचे. कापसाच्या गाडीत ते वर, मध्ये आणि तळाशी हात घालत, तसेच. "वरचा कापूस साऱ्याईचाच चांगला असते," हे त्यांचे ब्रह्मवाक्य.

एकदा साहेबाने वरची चार वाळकी पाने पाहून एक उत्तम गाडी नाकारली. उकंडजींनी कोपरापर्यंत हात खुपसला, तळाचा शुभ्र कापूस काढून साहेबाच्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "साहेब, रिडिक्युलस!" मी दाराकडे पाहू लागलो. साहेब आधी लाल झाला, मग हसला आणि त्याने गाडी घेतली. उकंडजींनी मला डोळा घातला. "तिसरा नमुना. शब्द पक्का!"

मग आला 'विस्टफुल'. आईचे पत्र वाचताना साहेब स्वतःबद्दल तसे म्हणाला. मी उकंडजींना सांगितले, "जे हाती नाही त्याची हुरहुर. किंचित उदास, किंचित गोड."

"हे पोथीतलं झालं. पण साहेबाचं तोंड पाह्यलं मी. एक नमुना झाला."

दुसरा त्यांनी स्वतः आणला. मला हाताला धरून अंगणात नेले. तोंडाला मुसके बांधलेला एक बैल सरकीच्या ढिगाकडे टक लावून उभा होता. "विस्टफुल!" उकंडजी म्हणाले. ही निव्वळ भूक आहे, अशी हरकत मी घेतली. प्रकरण साहेबापुढे गेले. साहेब बैलापुढे बराच वेळ उभा राहिला आणि निकाल बैलाच्या बाजूने लागला.

तिसरा नमुना काही मिळेना. महिना गेला. उकंडजी येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे असे निरखून बघत की लोक गालाला काही लागले आहे का ते पुसून घेत. शेवटी साहेबालाच विचारायचे ठरले. साहेब खुर्चीवरून हलला नाही. हळूच जे बोलला ते मी जसेच्या तसे मराठीत सांगितले.

"उकंडजी, साहेब म्हणतो, तिसरा नमुना तुम्हीच. हिवरखेडची गाडी बाजारात शिरली की तुमचे हात थांबतात. गाडीत कोण आहे ते बघता. मग पुन्हा कामाला लागता."

उकंडजींनी पागोटे काढले, परत घातले. "बाप्पा!" एवढेच म्हणाले.

हकीकत मला त्या संध्याकाळी कळली. त्यांची धाकटी बहीण गोदा हिवरखेडच्या पाटलांकडे दिलेली. आईबाप मागे नव्हते. तिला यांनीच वाढवले. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात सासरा कापसाची गाडी घेऊन आला. उकंडजींनी रिवाजाप्रमाणे तळाशी हात घातला आणि भर बाजारात म्हणाले, "ओला आहे." वजन वाढावे म्हणून पाणी मारलेले. पाटील गाडी वळवून निघून गेला. त्याला चार वर्षे झाली. ना दिवाळीला, ना आखाजीला, पोरीला माहेरी पाठवले नाही.

"मग म्हणून टाका ना, कोरडा होता, माझीच चूक झाली!" मी म्हणालो.

"ओल्याले कोरडा कसा म्हनू, पंत? उद्या माया हाताले कोन इचारील?"

पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते दमणीला बैल जुंपून माझ्या दारात हजर. "चाला. तुमी संगं असले तं त्याले मले हाकलता येनार नाई."

हिवरखेडला पाटील ओट्यावर बसला होता. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. आतल्या दाराशी एक पदर हलला. सगळे मुसळ केरात जाणार, अशी माझी खात्री झाली.

तेवढ्यात उकंडजींनी खांद्यावरचे उपरणे काढले, आपल्या उजव्या हातावर टाकले आणि तो हात पाटलापुढे केला.

पाटलाची मान तशीच ताठ होती. पण जन्मभर कापूस विकलेला माणूस तो. हात सवयीने उपरण्याखाली गेला. उपरणे हलू लागले. पाटलाने मान झटकली. उकंडजींनी झटकली. पुन्हा बोटे लागली. मग उपरणे हलायचे थांबले, पण हात काही बाहेर येईनात. उकंडजींच्या डोळ्यांतून खळाखळा पाणी वाहत होते आणि पाटील समोरच्या गोठ्याकडे पाहत होता.

"यंदाचा कोरडा हाये," पाटील गोठ्याला म्हणाला. "पाहून घेजो." मग आत ओरडला, "सूनबाई, बोचकं बांध. भाऊ आला न्याले."

परतताना दमणीत गोदाबाई अखंड बोलत होती. चार वर्षांचे साठलेले होते. मी हळूच विचारले, "किती दिवस ठरले?"

"त्यानं एक बोट धरलं. एक दिवस. म्या पंजा धरला. मंग त्यानंबी पंजा धरला, अन् सोडलाच नाई. पाच दिवस का पाच महिने, म्या इचारलंच नाई पंत. सौद्यात लय चौकशी करू नये."

बाजाराच्या दिवशी हिवरखेडची गाडी शिरली. उकंडजींचे हात थांबले नाहीत. साहेबाने मिशीत हसत त्यांना विचारले, "विस्टफुल पक्का?"

"पक्का, साहेब. पन वापस घ्या," उकंडजी म्हणाले. "घरी बहीन भाकरी थापून राहिली. मायाजवळ आता नमुना नाई."