मानाजीरावांचं पोहणं

एका जंगलात एक जिराफ राहायचा, मुलांनो. आपल्याकडच्या जंगलात जिराफ कुठून आला, असं विचारू नका. विचारणाऱ्यांना मी गोष्ट सांगत नाही.

जिराफाचं नाव मानाजीराव. रोज सकाळी ते नदीत उतरायचे आणि मधोमध जाऊन थांबायचे. पाणी त्यांच्या खांद्यापर्यंत यायचं. वर मान ताठ, चेहरा शांत. काठावरचे प्राणी थक्क व्हायचे. पाय न मारता, धाप न लागता कुणी इतकं देखणं पोहतं का?

खरं सांगू? मानाजीराव तळावर उभे असायचे. आपल्याला पोहता येतं की नाही, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण तसं कुणी विचारलं नाही, आणि कौतुक कुणाला नको असतं?

जंगलाच्या जलतरण मंडळाने त्यांचा सत्कार केला. एक शाल मानेला पुरेना, म्हणून दोन जोडल्या. 'जलभूषण' ही पदवी दिली. मंडळाचे अध्यक्ष कासवअण्णा पाण्याखालून ये-जा करायचे. तळावर टेकलेले ते चार खूर त्यांनी रोज पाहिले होते. पण मंडळाला एक तरी नामवंत पोहणारा हवा होता, म्हणून ते गप्प राहिले.

मग एकदा नदीला पूर आला. साळूबाई नावाची साळिंदर मुळं उकरायला बेटावर गेली होती, ती तिथेच अडकली. पाणी तिच्या पोटाला लागलं. अध्यक्षाने काठ सोडायचा नसतो, असा नियम कासवअण्णांना तेवढ्यात आठवला. सगळे मानाजीरावांकडे पाहू लागले.

मानाजीरावांनी मान अण्णांपर्यंत खाली आणली.

"अण्णा, आज तळ लागायचा नाही."

"म्हणून तर सांगतो, जाऊ नका. पाय मुरगळलाय म्हणा."

मानाजीराव तसं म्हणणारही होते. तेवढ्यात बेटावरून साळूबाईचा आवाज आला. ती रडत नव्हती. "भावोजी, येताय ना?" एवढंच विचारत होती.

मानाजीराव गेले.

चार पावलांवर तळ सुटला. पुढचा भाग खाली गेला, मान पाण्यावर आडवी पडली आणि पाय चार दिशांना फाकले. फक्त नाकपुड्या वर राहिल्या. गटांगळ्या खात, फुसफुसत ते बेटाला लागले. साळूबाई त्यांच्या मानेला घट्ट बिलगली. साळिंदर बिलगल्यावर काय होतं, ते तुम्हीच समजा. ते हूं की चूं न करता तिला घेऊन परत आले. मला तर त्यांचा फार अभिमान वाटला.

काठावरचा एक बगळा मात्र म्हणाला, "याला काय पोहणं म्हणायचं?"

संध्याकाळी मंडळाची सभा भरली. साळूबाईची साक्ष झाली. जीव वाचला हे तिने मान्य केलं, पण पोहण्यात शिस्त नव्हती आणि आपल्या नाकात पाणी गेलं, हेही सांगितलं. पदवी काढून घेतली. दोन्ही शाली परत घेतल्या.

पूर ओसरला. मानाजीराव नदीच्या मधोमध, नेहमीच्या जागी जाऊन थांबले. मानेत अजून तीन काटे होते. बघताबघता काठावर गर्दी जमली.

"बघा," कासवअण्णा म्हणाले, "मेहनत घेतली की सुधारणा होतेच." आणि त्यांनी शाली आणायला सांगितल्या.

तात्पर्य : पोहायचं तर पाय तळाला टेकून पोहावं. कुणाला बुडताना वाचवावंच लागलं, तर निदान काठावर कुणी नाही ना, हे आधी पाहून घ्यावं.