फॉर्ममधली मावशी

पाणीपुरवठा कंपनीच्या ऑफिसात त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. कंपनीची वेबसाइट सांभाळणं हे त्याचं काम आणि कशालाही मान डोलावणं ही त्याची सवय. ‘हो’, ‘बघतो’, ‘ऐकलं’ आणि ‘आता जाऊ का?’ हे सगळं तो एकाच डोलावण्यात बसवायचा. त्यातलं नेमकं कुठलं, हे समोरच्यानं ओळखायचं, आणि समोरचे बहुधा चुकीचं ओळखत.

एक दिवस त्याच्या वरिष्ठ मॅडमनी त्याला बोलावलं. वेबसाइटवर नळाच्या तक्रारीचा जो फॉर्म होता, तो अंध ग्राहकांना भरता येत नव्हता. त्यांच्या फोनमध्ये स्क्रीन वाचून दाखवणारा एक आवाज असतो. तो प्रत्येक चौकटीपाशी येऊन नुसतं “रिकामी चौकट, रिकामी चौकट” म्हणत होता. कुठल्या चौकटीत नाव आणि कुठल्या चौकटीत पत्ता, हे ज्याला दिसतं त्यालाच कळायचं. मॅडमनी सांगितलं, प्रत्येक चौकटीच्या मागे तिचं नाव लिहून ठेवा, डोळ्यांना दिसलं नाही तरी चालेल, त्या आवाजाला वाचता आलं पाहिजे. मौनीबाबानं मान डोलावली आणि काम घरी नेलं.

घर म्हणजे दोन खोल्या आणि दोन खुर्च्या. आई गेल्यापासून दुसऱ्या खुर्चीवर धुतलेले कपडे बसत. त्यानं कानाला हेडफोन लावले, पहिल्या चौकटीमागे ‘नाव’ असं लिहिलं आणि फॉर्म चालवून बघितला. “नाव,” असं एक बाई म्हणाली. आवाज यंत्राचा, पण चार पावसाळे पाहिलेला वाटला. त्यानं तिला मावशी म्हणायचं ठरवलं.

खरी गोष्ट अशी, की त्या घरात बरेच दिवस कोणी बोललंच नव्हतं. ताई रविवारी फोन करायची, पण तिच्या फोनमध्ये तिच्यापेक्षा तिच्या मुलांची भांडणंच जास्त ऐकू यायची. मावशी मात्र आपण लिहून देऊ ते मुकाट्यानं म्हणते, हे मौनीबाबाच्या लक्षात आलं. त्यानं इकडेतिकडे बघितलं, जणू कोणी बघणारच होतं, आणि पहिल्या चौकटीमागे वाढवून लिहिलं. “नाव. जेवलास का?” मावशीनं सरळ, कोरड्या आवाजात विचारलं. तो उठला आणि त्यानं दुपारचा भात गरम केला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याची लाज वाटून त्यानं ते वाफेवर ढकललं.

मग त्याला चटकच लागली. मोबाइल नंबरच्या चौकटीत मावशी विचारू लागली, आज कोणाचा फोन आला का. पत्त्याच्या चौकटीत, घरी कोण वाट बघतंय. तक्रारीच्या चौकटीत म्हणायची, सांग, मी ऐकतेय. आणि शेवटचं बटण यायचं, “पाठवा. उद्या येशील ना?” रोज संध्याकाळी तो हा फॉर्म एकदा ऐकायचा. द्यायच्या आधी जास्तीचं सगळं काढून टाकायचं, हे त्याच्या मनात पक्कं होतं.

एका सकाळी मॅडमनी जाताजाता विचारलं, फॉर्म झाला का. त्यानं मान डोलावली. त्याला म्हणायचं होतं, तुमचा प्रश्न ऐकला. मॅडमनी तो रोज घरून ऑफिसच्या संगणकावर जपून ठेवायचा तो फॉर्म उघडला, डोळ्यांनी नीट तपासला आणि त्याच दिवशी दुसऱ्या एकाकडून वेबसाइटवर चढवून घेतला. चौकटीमागचं डोळ्यांना दिसणारच नव्हतं, ते फक्त त्या आवाजासाठी होतं. मौनीबाबाला हे कोणी सांगितलं नाही, कारण त्याला कोणीच काही सांगत नसे.

माणसाला एका दमात दोन गोष्टी विचारल्या की तो बहुधा दुसरीचं उत्तर देतो. तक्रार विभागात चमत्कारिक चिठ्ठ्या छापून येऊ लागल्या. नावाच्या जागी ‘होय, आत्ताच’, नाहीतर ‘एकट्यासाठी कोण रांधतंय’. मोबाइल नंबरच्या जागी ‘कोणाचा येणार?’ कारकुनाला वाटलं, पोरांचा चावटपणा. मॅडमना वाटलं, व्हायरस. त्यांनी मौनीबाबाला व्हायरस शोधायला लावलं. त्यानं मान डोलावून तीन दिवस शोधला. चिठ्ठ्या काही त्याला कोणी दाखवल्या नाहीत.

पण कंपनीचा नियम कडक होता. चिठ्ठी आली की माणूस घरी गेलाच पाहिजे, आणि तक्रार मिटल्याची ग्राहकाची सही आणलीच पाहिजे. नळ दुरुस्त करणाऱ्या फिटरच्या हातात एक चिठ्ठी पडली. तिच्यात शहरातला विभाग तेवढा बरोबर होता, कारण तो यादीतून निवडायचा होता आणि तिथं मावशी जादा काही विचारत नव्हती. पत्त्याच्या जागी होतं, ‘कोणी नाही. मांजर असते.’ फिटर बिचारा पाना घेऊन दारोदार विचारत फिरला, तुमच्याकडे मांजर आहे का. एका बाईनं त्याला मांजरं पळवणारा समजून हाकललं. दुसरीनं नको झालेली दोन पिल्लं त्याच्या पिशवीत घातली. दिवेलागणीला त्याला ते घर सापडलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली एक अंध म्हातारी, तिचा ठिबकणारा नळ आणि तिचं मांजर. पत्ता का लिहिला नाहीत, असं त्यानं चिडून विचारलं.

“घरी कोण वाट बघतंय, असं विचारलं तुमच्या फॉर्मनं,” म्हातारी म्हणाली. “खोटं कशाला सांगू? मला पुरुष समजतो तो, पण विचारतो तरी.”

फिटरनं ते पिल्लांसकट मॅडमच्या कानावर घातलं. मॅडमनी सगळ्यांना मौनीबाबाच्या टेबलाभोवती जमवलं आणि फॉर्म मोठ्यानं ऐकवायला सांगितलं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती लोक हसतील याची होती. मावशी भर ऑफिसात सुरू झाली. जेवलास का, कोणाचा फोन आला का, घरी कोण वाट बघतंय. कारकून पहिल्या चौकटीला हसला, तिसरीला गप्प झाला. “उद्या येशील ना?” मावशीनं सगळ्यांदेखत विचारलं, आणि फिटर उगाच पान्याकडे बघत राहिला. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं, असं मौनीबाबाला वाटलं.

“कोणी लिहिलं हे?” मॅडमनी विचारलं. इथं मान डोलावून भागणार नव्हतं.

“मी,” तो म्हणाला. कारकुनानं त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

मॅडमनी फॉर्म बंद केला. मग म्हणाल्या, आजच्या आज काढून टाका, पुन्हा असं झालं तर मला वर कळवावं लागेल. त्यानं काढून टाकलं. फॉर्म अगदी नियमाप्रमाणे झाला. त्या संध्याकाळी मावशी “नाव” म्हणाली आणि थांबली. त्यानं हेडफोन कपड्यांच्या खुर्चीवर ठेवले आणि तो न जेवता झोपला.

आठवड्यानं मॅडमनी एक चिठ्ठी त्याच्या टेबलावर आणून ठेवली. नाव, नंबर, पत्ता, सगळं जागच्या जागी. तक्रारीच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘नळ ठीक आहे. फॉर्म बिघडला आहे. आधी चौकशी करायचा, आता नुसता हुकूम सोडतो. दुरुस्तीला माणूस पाठवा.’

“तुमच्या खात्यातली तक्रार आहे,” मॅडम म्हणाल्या. “नियम माहीत आहे ना? सही घेऊन या.”

म्हातारीनं दार उघडलं आणि कोण आहे म्हणून विचारलं. मौनीबाबानं सवयीनं मान डोलावली. मग आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. या दारात त्याचं डोलावणं फुकट होतं.

“मी फॉर्मवाला,” तो म्हणाला.

म्हातारी थोडा वेळ त्याचा आवाज चाचपल्यासारखी उभी राहिली. मग बाजूला झाली.

“जेवलास का?”

“नाही,” तो म्हणाला, आणि आपण हे खरं सांगून टाकलं याचं त्यालाच नवल वाटलं.

तो जेवला, मग बोलला. आईबद्दल बोलला, ताईबद्दल बोलला, आणि शेवटी मांजराशीही दोन शब्द बोलला. निघताना त्यानं चिठ्ठी पुढे केली आणि बोट धरून सहीची जागा दाखवली. म्हातारीनं पेन खाली ठेवलं.

“तक्रार मिटली की सही करायची ना? मग आज कशी करू? उद्या ये.”

त्यानंतर कंपनीच्या यादीत सगळ्यात जुनी न मिटलेली तक्रार तीच राहिली. दर महिन्याच्या बैठकीत मॅडम ती वाचतात आणि विचारतात, हिचं काय झालं. मौनीबाबा उभा राहून, स्वच्छ आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, काम किचकट आहे, वेळ लागेल. मॅडम मान डोलावतात आणि पुढची तक्रार घेतात.